चिंचोळकरांच्या फाटकावरची क्रमवारी

दिग्रसला आमच्या कॉलनीत शरद चिंचोळकर यांच्या फाटकावर एक काळा फळा टांगलेला आहे. इतरांच्या फाटकांवर मालकाचं नाव, पदवी किंवा कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना असते. चिंचोळकरांच्या फळ्यावर पॉप आणि हिप हॉप अल्बमांची क्रमवारी असते. एक ते दहा. खाली रेघ मारून पाच सुटी गाणी. दर रविवारी सकाळी चिंचोळकर लुंगी-बनियनवर बाहेर येतात, ओल्या फडक्यानं फळा पुसतात आणि नवे क्रम लिहितात. वय सत्तरीच्या आसपास. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि निकालाची कोणी वाट पाहत नाही.

मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. माझं घर त्यांच्या समोर आहे, त्यामुळे फळा रोज वाचावा लागतो.

फळ्यावर गायकांची खरी नावं नसतात. "इंग्रजी नावं लिहिली तं पालिकावाले जाहिरात समजून कर लावतीन," असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. त्यामुळे नावं त्यांनीच ठेवली आहेत. पहिला, 'चांदीच्या दाताचा (दुसरी गाठ)'. दुसरा, 'बोबड्या'. तिसरा, 'पंजाबचा मोटारवाला'. चौथ्या 'कोरियाच्या पोरी'. गाठ म्हणजे अल्बम. सुट्या गाण्याला ते पेळू म्हणतात. क्रम दर आठवड्याला वरखाली होतात. फक्त नववा क्रमांक मी कधी बदललेला पाहिला नाही. तिथे कायम एकच नोंद: 'ब्राझीलची, उगाच रडणारी'.

गाठ आणि पेळू ही भाषा नोकरीतली आहे. चिंचोळकर कापूस खरेदीत ग्रेडर होते. आलेल्या मालात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा आणि दोन शब्दांत प्रत सांगायची. ओल हाये. कवडी हाये. धागा नाही. त्या दोन शब्दांवर अपील नव्हतं. निवृत्तीनंतर कापूस गेला, हात मोकळा झाला, सवय मात्र राहिली. अशा माणसाच्या हाती जगाचं संगीत लागलं.

"काका, बोबड्या दुसऱ्यावरून सातव्यावर कसा गेला?" मी एकदा विचारलं. मला उत्तर नको होतं. फाटकात गाठ पडली, काहीतरी बोलायला हवं होतं.

"फरदड हाये," ते म्हणाले. "पहिल्या वेच्याचा माल संपला त्याचा. आता कापसाच्या वाळल्या पराट्या झोडपून राह्यला."

"आणि पंजाबचा?"

"सरकी काढतच नाही तो. सरकीसकट विकून राह्यला. घेणारे घेतात, आपल्याले काय!"

भावगीतांबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं: ओल. गझलेबद्दल दोन शब्दांचं: नुसती ओल. गणेशोत्सवात वाजणाऱ्या गाण्यांना त्यांनी कवडी म्हटलं होतं, म्हणजे डाग पडलेला पिवळा माल. समोरचा वाद घालू लागला की ते कान पुढे करून "काय?" म्हणत, समोरचा पुन्हा बोले, ते पुन्हा "काय?" म्हणत. तिसऱ्या वेळी समोरचा निघून जाई. दोन्ही कानांत कायम पांढरा फाया. कॉलनीत तो अत्तराचा फाया समजला जाई आणि निवृत्त माणसाच्या नटवेपणात जमा होई. अत्तराचा वास मात्र मला कधी आला नाही.

त्यांच्या पत्नी सुमनकाकू पूर्वी सगळ्यांत असत. अंगणात रेडिओ लावून वाती वळायच्या, गाण्यात आपला आवाज मिसळायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. पुढे त्या हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या. हाक मारली तरी वळून बघेनात. घरातून त्यांचं ओरडणं मात्र ऐकू येई. कॉलनीचा निष्कर्ष ठरलेला होता: बाहेर गर्व आणि घरात त्रास. त्याच सुमारास चिंचोळकरांनी पुसदच्या एका डीजेवाल्याकडून वरातीत वाजणारा, कपाटाएवढा जुना स्पीकर आणला होता.

"मोठा स्पीकर आला अन् बाईची मान ताठ झाली," गुल्हाने मॅडम म्हणाल्या.

गुल्हाने मॅडम चिंचोळकरांच्या शेजारी राहतात. मधली भिंत सामाईक आहे. त्या शाळेत गणित शिकवतात आणि दुपारी घरी शिकवणी घेतात. स्पीकरही दुपारीच वाजतो. तो ऐकू येतो म्हणणं अपुरं आहे. तो दारं-खिडक्यांतून येतो, खुर्चीतून येतो. मॅडमची पोरं बीजगणिताची समीकरणं बोबड्याच्या तालावर पाठ करू लागली, तेव्हा मॅडम फाटकावर गेल्या. मी माझ्या ओट्यावर होतो.

"काका, लाज वाटली पाहिजे! माझ्या घरातली भांडी वाजतात!"

चिंचोळकरांचा चेहरा उजळला. "कोणती?"

"काय कोणती?"

"भांडी. स्टीलची का पितळेची?"

"पितळेची परात! भिंतीवर टांगलेली!"

"कोणत्या गाण्यावर?"

मॅडम पाय आपटत आपल्या घरात गेल्या. पुढच्याच रविवारी चांदीच्या दाताचा चौथ्यावरून पहिल्यावर गेला. समोरच्याच्या तक्रारीचं असं प्रशस्तिपत्र करून घेणारा माणूस मी राजकारणातही कमी पाहिला आहे.

शेवटी कॉलनीची बैठक झाली. मोकळ्या जागेतल्या हनुमानाच्या ओट्यावर, सतरंजी टाकून. विषय एकच: स्पीकर बंद करायचा की पोलिसांत जायचं. चिंचोळकर वेळेवर आले आणि खांबाला टेकून बसले. त्यांच्यापर्यंत आवाज पोचावा म्हणून प्रत्येकाला ओरडावं लागलं, त्यामुळे बैठक लवकर तापली.

कोणीतरी मध्यम मार्ग सुचवला. "काका, हेडफोन घ्या ना एक. कानाले लावा अन् दिवसभर ऐका. कोण नाही म्हणते?"

"कानानंच ऐकायचं असतं तं रेडिओ काय वाईट होता?" चिंचोळकर म्हणाले.

सगळे हसले. ते हसले नाहीत.

"आवाज तरी कमी करा," मॅडम म्हणाल्या. "पोरांची परीक्षा आहे."

"कमी केला की धागा तुटते."

"म्हणजे बंद करणार नाही?"

"नाही."

"काहून नाही? कारण तं सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"माल तुमाले समजत नाही, कारण काय समजन?" ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

यानंतर त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नाही. आठवडाभरात स्पीकर हलवला नाही तर सगळ्यांच्या सह्यांनिशी तक्रार, असं ठरलं. नोटीस लिहायचं आणि नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण लिहिण्याचे मला पैसे मिळतात. मी पाच ओळींत नोटीस लिहिली. त्यात विशेषण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घेऊन गेलो. स्पीकर सुरू होता. फाटकाची कडी हातात थरथरत होती. दार उघडं होतं, बेल वाजवण्यात अर्थ नव्हता. मी आत गेलो.

स्पीकर भिंतीशी नव्हता. खोलीच्या मधोमध, दिवाणापुढे आडवा पाडलेला होता. सुमनकाकू दिवाणावर बसल्या होत्या. दोन्ही पाय अनवाणी, तळवे स्पीकरच्या लाकडावर सपाट टेकलेले. मांडीत कापूस, हात वाती वळत होते. डोळे मिटलेले. चिंचोळकर समोर मोडक्या खुर्चीत, हातात खडू. त्या आवाजात त्या बाई ज्या शांतपणे बसल्या होत्या, तशा शांतपणे लोक देवळातही बसत नाहीत.

गाणं संपलं. चिंचोळकरांनी वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि भुवया उंचावल्या.

"गुडघ्यापर्यंत!" काकू ओरडल्या. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. "मागचं बरं होतं! ते पोटापर्यंत आलतं! हे काय, पिठाची गिरणी लावली काय!"

चिंचोळकरांनी फरशीवरच्या कच्च्या यादीत खडूनं कोरियाच्या पोरी दोन घरं खाली आणल्या. मग त्यांना मी दिसलो.

"बसा, पत्रकार," ते म्हणाले. आणि दोन्ही कानांतले बोळे काढून शर्टाच्या खिशात ठेवले. लांब धाग्याचा, स्वच्छ, पहिल्या वेच्याचा कापूस. अत्तराचा प्रश्न निकाली निघाला.

काकूंना मी आल्याचा आनंद झाला. त्या बोलत राहिल्या, ओरडूनच. तापात कान गेले. नागपूरला नेलं, यंत्र आणलं, काही उपयोग झाला नाही, नसच गेली म्हणे. मग कोण काय बोलते समजत नाही, लोक हसले की आपल्यालेच हसून राह्यले वाटते, म्हणून जाणं सोडलं. रेडिओ ठेवला कपाटावर.

"अन् एक दिवस इथंच पडलती मी. दिवाण हालला. मी म्हणलं, वरात आली काय हो? खरंच आलती! रस्त्यावरून! मले समजलं! तं हे रडले."

"रडलो नाही," चिंचोळकर माझ्याकडे बघून म्हणाले. "धूळ होती. वरातीनं धूळ उडते."

"काय म्हणून राह्यले?" काकूंनी मला विचारलं.

मी डोळ्यांकडे बोट केलं. काकू खळखळून हसल्या.

बाकी चिंचोळकरांनी ग्रेडरच्या कोरडेपणानं सांगितलं. आधी भजनं लावली. मृदंग टाचेपर्यंत गेला, पेटी पोचलीच नाही. मग मिळेल ते लावून पाहिलं. "हे अमेरिकेचे पोट्टे जमिनीखालून वाजवतात. म्हणून हे. क्रम तिचा हाये. टाच, गुडघा, पोट, छाती. छातीपर्यंत गेला तो पहिला. मॅडमची परात ज्याच्यावर वाजते तो हमखास वर जाते, म्हणून विचारत होतो. बाई उगीच तापली."

"आणि तुम्हाला यातलं कोणतं आवडतं?"

"मले? सारी कवडी हाये," ते म्हणाले. "डोकं उठते. कापूस कायले घालतो मंग?"

"मग फळ्यावर का लिहिता?"

"दिवसभर घरात बसलेली असते. तिनं ठरवलेलं कुठंतरी लागलं पाहिजे ना चारचौघांत. सकाळी खिडकीतून पाहते, कोण थांबून वाचते थे."

मी फळ्यासमोर थांबत असे, ते आठवलं. मी तुच्छतेनं थांबत होतो. खिडकीतून तेवढा फरक दिसत नसावा.

"नववीचं काय? ब्राझीलची?"

"थे माही हाये. ती टाचेपर्यंत बी जात नाही. ही झोपली की लावतो, बारीक आवाजात. त्या ब्राझीलवालीसाठी कानातला कापूस काढतो."

नोटीस माझ्या खिशात होती. त्यांनी हात पुढे केला. "द्या. आणली असन ना?" मी दिली. त्यांनी उभ्यानं वाचली, घडी घातली.

"बैठकीत हे सांगितलं असतं तर विषय संपला असता," मी म्हणालो.

"तुमाले सांगायचं तं सांगा. मी नाही सांगत. पण मंग लोक दया करतीन. आजवर तोंडावर शिव्या देत होते, बरं होतं. दयेत लय ओल असते, पत्रकार. वजन वाढते, धागा नसते."

मी त्याच संध्याकाळी हनुमानाच्या ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. कोण, काय, कुठे, केव्हा, का. शेवटचा 'का' सांगायला थोडा वेळ लागला. दयेबद्दलचं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. गुल्हाने मॅडमनी सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

शिकवणी आता सकाळी असते. स्पीकर दुपारीच असतो. मॅडम अजून फाटकावर जाऊन भांडतात, किंबहुना जास्त. परवा त्या अर्ध्या रस्त्यातूनच ओरडल्या, "काका, काय कटकट आहे ही! परात तर परात, काल बुधवारी त्या तिसऱ्या गाण्यानं माझा पोह्याचा डबा पडला फळीवरून!" चिंचोळकर खडू शोधायला आत धावले. त्यानंतर सुमनकाकू खिडकीत आल्या. मॅडमनी हात नाचवून डबा कसा पडला ते दाखवलं. काकूंनी हात नाचवून विचारलं, पोहे सांडले का? मॅडमनी सांगितलं, सगळे.

गेल्या रविवारी मी फळ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. खिडकीचा पडदा बाजूला होता. चिंचोळकर हातावरचा खडू झटकत होते.

"काका," मी म्हणालो, "या आठवड्याची यादी भिकार आहे. आणि नववी तर पहिली हवी."

त्यांनी ओठांची हालचाल पाहिली, शब्द पोचले नसावेत. घाईनं उजव्या कानातला बोळा काढला, मग डावाही काढला, आणि फाटकाला टेकून उभे राहिले.

"काय म्हणले?" ते म्हणाले. "पुन्हा बोला. सावकाश बोला."