खालच्या पट्टीतली मरिया

एप्रिलच्या गडचिरोलीत चर्चचे पंखे बंद करायची हिंमत एकाच माणसात आहे, सॅम्युएल मास्तरांत. पंखा त्यांच्या षड्जात लुडबुड करतो म्हणे. तालमीला आलेल्या पोरी वहीने वारा घेत असतात आणि मास्तर पेटीवर बोट ठेवून विचारतात, “आता आलं का ऐकू?”

मी त्यांचा तबलजी. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. कव्वालीत ठेका धरायचो, मास्तरांनी मला पंक्चर काढता काढता उचललं. त्यांच्या वडिलांनी वधस्तंभावरचा ख्रिस्त आणि त्याची आई मरिया यांच्यावर पदं लिहून ठेवली होती. ती मास्तरांनी ख्यालाच्या अंगाने बांधली. गुड फ्रायडेला चर्चमध्ये गायची होती.

भांडण पेटलं पट्टीवरून. सगळं इतकं खाली बांधलेलं, की पोरींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटे. पट्टी चढवा म्हणून त्यांनी विनवलं, मग रुसल्या, शेवटी गाणारच नाही म्हणाल्या. मास्तरांचं एकच पालुपद, “मरिया वरच्या सुरात रडत नाई.” पाळक समजवायला आले, तर त्यांनाही तेच ऐकवलं. या हट्टापायी सगळ्यावर पाणी पडणार, असं मला वाटू लागलं.

गुड फ्रायडेच्या दिवशी मी तबला लावत होतो, तेव्हा मास्तर कानाशी आले.

“मरियेची ओळ मार्था म्हणणार हाय. तिले उठाले वेळ लागला तर ठेका सोडू नको.”

मार्थाबाई म्हणजे मास्तरांची बायको. एकेकाळी याच चर्चमध्ये गायच्या. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आवाज असा खरखरीत झाला, की भाजीवालीशीही खुणेनेच बोलतात. त्यांच्या गळ्यात उरली होती ती हीच खालची पट्टी. मी पोरींना सांगितलं. रुसून बाकावर बसलेल्या त्या गायला उभ्या राहिल्या.

मरियेची ओळ आली. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर मार्थाबाई मान खाली घालून बसलेल्या. मास्तरांनी सूर दिला. ठेका फिरून समेवर आला, पुन्हा आला. बाई उठेनात. कुणीतरी खाकरलं. पाळक माझ्याकडे बघू लागले. बोटं घामाने घसरत होती.

मास्तरांनी पेटी सोडली आणि सरळ बायकांच्या बाकावर, बायकोशेजारी जाऊन बसले. त्या चर्चमध्ये पुरुष तिकडे बसत नाहीत. तिथूनच त्यांनी हलके ओळ धरली, ‘लेकरा, दे तुझं ओझं माझ्या खांद्यावर.’ दुसऱ्यांदा त्यांच्या आवाजाखाली खरखर ऐकू आली. तशी मास्तर गप्प झाले. बाई एकट्याच गात होत्या, फाटक्या आवाजात, मध्येच तुटत.

ओळ संपली. डोळे मिटून बसलेले मास्तर हळूच म्हणाले, “आणखी एकदा म्हण, मार्था.”