तांडेलताई उभ्या राहिल्या की

सेमिनारमध्ये एखादी गोष्ट कळली नाही, तर तांडेलताई उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. हात वर करणं नाही, खाकरणं नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून शांतपणे उठायच्या, पदर खोचायच्या आणि बोलणाऱ्याकडे बघत राहायच्या. कळलं की बसायच्या. नाही कळलं तर सेमिनार संपून चहा येईपर्यंत तशाच.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, बाईंना जायची घाई आहे. ते म्हणायचे, "प्लीज, यू मे गो." ताई मान हलवायच्या. जायचं नव्हतंच त्यांना.

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पीएच.डी.ला मी नाव घातलं, तेव्हा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. पहिल्याच महिन्यात माझा सेमिनार लागला. विषय होता खेकड्याच्या कल्ल्यांचा. मी पाठ करून गेलेले. वीस मिनिटं बोलले, त्यातली सोळा मिनिटं तांडेलताई उभ्या होत्या. शेवटी मी घाईत प्रोजेक्टरवर फिल्म उलटी ठेवली आणि पडद्यावर खेकडा पाय वर करून पडला.

नंतर मी लॅबमधल्या सिंकपाशी रडत उभी होते, तर ताई आल्या. हात पुसायचा टॉवेल पुढे केला.

"रडतेस कशाला, डोंबिवली? चार मिनिटं बसलेले की मी."

सगळ्यांना त्या स्टेशनच्या नावाने हाक मारायच्या. मी डोंबिवली. रसायनशास्त्राचा गौतम म्हणजे कल्याण. वनस्पतिशास्त्रातला एक लाजरा मुलगा होता, तो टिटवाळा.

"तू ते आयनिक ग्रेडियंट म्हणालीस ना," त्यांनी विचारलं, "ते काय असतं गं?"

मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला अडकले.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला पण उभं राहायला पाहिजे होतं."

हे उभं राहणं कुठून आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. "शाळेत बाई म्हणायच्या, ज्याला कळलं नाही त्याने उभं राहा. मी राहायचे. बाकीचे हसायचे. सातवीपर्यंत मला वाटायचं ही शिक्षा आहे. मग लक्षात आलं, उभं राहिलं की फळा नीट दिसतो."

तांडेलताई चेंदणी कोळीवाड्यातल्या. हेमलता तांडेल. मी आले तेव्हा चौतिशीच्या असतील आणि पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं. विषय निवट्यांचा. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर सुरसुर चालणारा, डोळे डोक्यावर काढलेला छोटा मासा. ओहोटीची वेळ बघून ताई गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि तशाच कॉलेजात यायच्या. पावलांचे ठसे गेटपासून आमच्या लॅबपर्यंत. हेडक्लार्कने लेखी तक्रार केली की विभागातील एक विद्यार्थिनी व्हरांड्यात खाडी आणते. ताईंनी त्या तक्रारीची प्रत मागून घेतली आणि लॅबच्या दारावर चिकटवली.

ताईंचे आणि माझे गाईड एकच होते. सर म्हणते, नाव कशाला. माणूस हुशार, आवाज गोड, आणि संशोधक विद्यार्थी म्हणजे घरचं माणूस अशी त्यांची मनापासून समजूत. म्हणून कोणी त्यांच्या मुलीचा भूगोल घ्यायचं, कोणी वीजबिल भरायचं, कोणी खोपटला डेपोत जाऊन त्यांच्या सासूबाईंचं एसटीचं रिझर्व्हेशन करायचं. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. सही त्यांची लागायची.

ताई नाही म्हणाल्या नाहीत. आम्हा सगळ्यांना दर आठवड्याला कामाची वही भरून सरांची सही घ्यावी लागायची. ताईंनी सगळं वहीत लिहायला सुरुवात केली. "सोमवार. सरांच्या घरी गॅस सिलेंडर पोचवला. निरीक्षण: तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुरुवार. सरांच्या सासूबाईंना खोपट डेपोत बसवून दिले. निरीक्षण: गाडी चाळीस मिनिटे उशिरा. निष्कर्ष: पुढील वेळी वर्तमानपत्र न्यावे."

सर वही न वाचता सही करायचे. वर्षभर केली.

वार्षिक आढाव्याला प्राचार्य बसले होते. त्यांना वाचायची सवय होती. त्यांनी ताईंची वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. सिलेंडरपाशी त्यांचा आवाज जरा बारीक झाला. सासूबाईंपाशी थांबले, चष्मा काढला, आणि खालची सही सरांना दाखवली. सर म्हणाले, "सर, ही मुलगी विनोदी आहे." प्राचार्य म्हणाले, "सही तुमची आहे."

त्या दिवसापासून आमची सगळ्यांची घरकामं बंद झाली. ताईंच्या वहीवर सरांची सहीसुद्धा बंद झाली.

शनिवारी दुपारी ताईंच्या घरी आमची शाळा भरायची. ओटीवर चटई टाकलेली, पाच-सहा जण, वेगवेगळ्या विषयांतले. ज्याचा सेमिनार किंवा मुलाखत असेल त्याने उभं राहून बोलायचं, आणि तेही मराठीत. श्रोत्यांत मुख्य म्हणजे गंगूमावशी, ताईंच्या आईची धाकटी बहीण. सकाळी मार्केटात मासे विकून आलेली, पुढ्यात सुपात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेऊन निवडत बसलेली. वर न बघता ती म्हणायची, "मना नाय कललं."

ताईंचा नियम होता, मावशीला कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गौतमचा विषय पॉलिमर. घरातला पहिला ग्रॅज्युएट, इंग्रजी वाचून वाचून केलेलं, इंटरव्ह्यूला बसला की त्याला घाम फुटायचा. पहिल्या शनिवारी मावशीने त्याला अकरा वेळा थांबवलं. बाराव्या वेळी तो वैतागून म्हणाला, "मावशी, जाळं असतं ना तुमचं? एकेक गाठ धरून धरून एवढं मोठं होतं? तसं."

मावशीने पहिल्यांदा मान वर केली. "मंग गाठ सुटली तं?"

गौतम मावशीच्या सुपापुढे खाली बसला. मग हळूच म्हणाला, "त्याच्यावरच माझं तिसरं प्रकरण आहे."

पुढे एका मोठ्या संस्थेत त्याला अगदी हाच प्रश्न विचारला गेला, इंग्रजीत. नोकरी त्याला लागली. पेढे त्याने आधी मावशीला दिले. मावशीने विचारलं, "ते जाल्याचा सांगलास काय?"

ताईंच्या प्रबंधाचं खरं भांडण झालं ते पाचव्या प्रकरणावरून. पहिली चार प्रकरणं निवट्यांची लांबी, वजनं, बिळं. पाचव्यात त्यांनी खाडीकाठच्या म्हाताऱ्या कोळ्यांना आणि कोळणींना विचारून, पूर्वी कुठे काय मिळायचं आणि कधीपासून मिळेनासं झालं, ते गावागावाने मांडलं होतं. वाचणाऱ्याला दिसायचं की निवट्या कमी झाल्यात, जिताड्यासारखा मोठा मासा गेलाय, आणि कारखान्यांच्या कुठल्या नाल्याच्या तोंडापासून गेलाय. सर तेव्हा कारखानदारांच्या एका समितीवर सल्लागार होते. पण ते तसं बोलले नाहीत. ते संदर्भसूचीवर बोलले.

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्लाइड पुसत होते, म्हणून ऐकलं.

"हे काय आहे, तांडेल? गंगूबाई, व्यक्तिगत संभाषण? संदर्भसूचीत मासेवाली?"

"हो सर."

"म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे."

"तुमच्या सूचीत ते जर्मन आहेत सर, ते आपल्या खाडीत उतरलेत का कधी?"

"पाचवं प्रकरण काढा. उद्या सही देतो."

ताई उभ्याच होत्या. तरी मला वाटलं त्या आणखी थोड्या उंच झाल्या. "ते काढलं तर नुसती वजनं उरतात सर. वजन मावशी पण करते, सकाळपासून दुपारपर्यंत. त्याला पीएच.डी. कशाला लागते?"

सही मिळाली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. फेलोशिप आधीच संपलेली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. मी तर म्हणाले, "ताई, आत्ता काढा, मग पेपर म्हणून वेगळं छापा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डबा उघडून जेवायला लागले.

मग त्यांनी गाईड बदलून मिळावा म्हणून विद्यापीठात अर्ज केला. असा अर्ज कोणी करत नसे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "नियमात बसत नाही." ताई म्हणाल्या, "कुठला नियम, ते कळलं नाही." आणि उभ्या राहिल्या. दर बुधवारी जायच्या. तिथल्या शिपायाने एकदा खुर्ची आणून दिली, तर त्याला म्हणाल्या, "नको भाऊ, बसले तर साहेबांना वाटेल मला कळलं." सात-आठ महिन्यांनी एका अधिकाऱ्याने नियम शोधला. तो त्यांच्या बाजूचाच निघाला.

नव्या गाईड म्हणजे मुंबईतल्या एका कॉलेजच्या निवृत्तीला आलेल्या बाई. त्यांनी पाचवं प्रकरण दोनदा वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली, "गंगूबाईंचं वय घाला."

व्हायवाला आम्ही सगळे रजा टाकून गेलेलो. मावशी नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून मागच्या रांगेत. परीक्षक केरळचे होते. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि इंग्रजीत विचारलं, या गंगूबाई कोण?

"मागे बसल्यात," ताई म्हणाल्या. "विचारा त्यांनाच."

आमचे जुने सर उपस्थितांत होते. ते काही बोलायच्या आत परीक्षकांनी खरंच विचारलं, जिताडा शेवटचा कधी मिळाला? गौतमने मराठीत सांगितलं. मावशी उठली.

"माजे सुमनचे लग्नात घावलेला. मंग नाय. सुमनची पोर आता धाव्वीला हाय."

गौतमने भाषांतर केलं. परीक्षकांनी ताईंचा तक्ता काढला, बोटाने वर्षं मोजली आणि मान डोलावली. जुळत होतं. ते म्हणाले, त्यांच्या गावच्या बॅकवॉटरमध्येही असंच झालंय, पण तिथे कोणी विचारलेलं नाही. पदवी मिळाली. पाचव्या प्रकरणासकट.

नोकरी मात्र मिळाली नाही. लेक्चररच्या मुलाखतीत समितीने काही गोलगोल विचारलं की ताई म्हणायच्या, "प्रश्न कळला नाही, परत सांगा." समितीलाही बहुतेक कळलेला नसायचा. त्यांची निवड व्हायची नाही. एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर शिकवायला लागल्या आणि तिथेच राहिल्या. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाल्या, "अकरावीची पोरं बरी आहेत. पटापट उभी राहतात."

आमचे प्रबंध एकेक करून झाले. मी, गौतम, टिटवाळा, आणखी तिघं. प्रत्येकाचं शेवटचं काम आभारांचं पान. ताईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "माझं नाव घालायचं नाही. घातलंत तर व्हायवा तुमच्यावर होणार नाही, माझ्यावर होईल. आपापल्या सरांना पहिला परिच्छेद द्या, मोकळे व्हा." आम्ही ऐकलं. मी सरांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल साडेपाच ओळी लिहिल्या. टाइप करताना हात थांबला होता, पण लिहिल्या.

मग नोकऱ्या, लग्नं. गौतम बडोद्याला, मी पुण्याला. ताईंना दिवाळीला कार्ड जायचं. मावशी गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. शनिवार तर केव्हाच बंद पडलेले.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला मला माझ्याच प्रबंधातला एक तक्ता हवा होता, म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. प्रबंध घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायचे. प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक कागद चिकटवलेला असतो, वाचणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची. बहुतेक कागद कोरेच असतात.

माझ्या कागदावर एक नाव होतं. हे. ना. तांडेल. प्रबंध दाखल झाला त्याच्या पुढच्या आठवड्यातली तारीख. त्याखाली परत तेच नाव, दुसरी तारीख. मग तिसरी.

मी गौतमचा मागवला. पॉलिमरचा. त्यावरही तांडेल, तीनदा. टिटवाळ्याच्या शेवाळांवर दोनदा. बाकीच्या तिघांचेही काढले. सहाही प्रबंधांवर दुसरं कोणाचंच नाव नव्हतं.

काउंटरवरचे काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "या बाई येतात अधूनमधून. डबा घेऊन येतात, संध्याकाळपर्यंत बसतात. मी एकदा विचारलं, एवढे वेगवेगळे विषय वाचता, कशावर काम करताय? तर म्हणाल्या, काम नाही हो, घरातलंच आहे."

मी सहाही प्रबंध परत केले. मग चिठ्ठीवर तांडेलताईंच्या प्रबंधाचं नाव लिहून दिलं. काका आत गेले, बऱ्याच वेळाने फडक्याने धूळ झटकत बाहेर आले. जाडजूड, निळी बांधणी. मी आधी मागचा पुठ्ठा उघडला.

कागद कोरा होता. सहा जणांपैकी एकालाही इथवर यायला जमलं नव्हतं.

मी पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं, तारीख घातली आणि खिडकीपाशी जागा धरली. तक्ता शोधायचा राहून गेला.