मोनाची हजेरी

"शाळेत गोठा नको," असं मुख्याध्यापक उदयसिंह सरांनी आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं. एकदा तोंडी, एकदा नोटीसवहीत. त्यामुळे शनिवारी सकाळी विज्ञानाचे प्रसेनजीत सर मैदानात कडबा कापायच्या यंत्राशेजारी उभे होते, आणि ज्यांच्यासाठी ते यंत्र बनवलं ते गुंडूआण्णा गवळी दोनशे पावलांवर आपल्या गोठ्यात बसून होते.

जूनमध्ये नववीच्या मुलांनी शाळेमागच्या गल्लीतली चौदा घरं फिरून एकच प्रश्न विचारला होता : तुमचं कुठलं काम अवघड जातं? आण्णांच्या बायकोने, बयाबाईंनी, उजवा खांदा दाखवला. चार म्हशींचा कडबा त्या रोज हाताने कापत होत्या. मग आण्णांनी बंद पडलेल्या मोटारसायकलीचं इंजिन दिलं, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने पाती आणि चौकट दिली, आणि मुलांनी आठ शनिवार त्याच्याच शेडमध्ये बसून दुरुस्ती आणि जोडणी केली. पात्यावरची जाळी राजनंदिनीच्या डोक्यातली. ही मुलगी गणितात कधी पस्तीस मार्कांच्या वर गेली नव्हती, पण नुसता बोल्ट बघून पाना किती नंबरचा लागेल ते सांगायची.

उदयसिंह सरांना मात्र ते शनिवारचे दोन तास गणिताच्या सरावाला हवे होते. आज तपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकारी क्रांतीमॅडमचा शेरा वाईट आला, की प्रकल्प बंद.

क्रांतीमॅडम आल्या. त्यांनी हार टेबलावर ठेवायला लावला आणि फॉर्म उघडला.

"समाजाचा सहभाग. कुठाय समाज?"

उदयसिंह सरांनी फोटोंचा अल्बम पुढे केला.

"फोटो नकोत. मागच्या तीन शाळांत फोटोच बघितलेत. ज्यांच्यासाठी हे केलंय ती माणसं कुठायत?"

"ती जरा कामात असतात, मॅडम."

मॅडमनी तो रकाना रिकामा सोडला. "बरं, यंत्र दाखवा."

राजनंदिनीने किक मारली. तिसऱ्या किकेला इंजिन असं काही कडाडलं, की झाडावरचे कावळे उडाले आणि पहिलीच्या वर्गात रडारड सुरू झाली.

"अगं, सायलेन्सर कुठाय?" प्रसेनजीत सर ओरडले.

"गाडीला नव्हताच की सर! आण्णांनी पाडव्यासाठी काढलावता!"

प्रसेनजीत सरांनी चटकन गेटाकडे बघितलं. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतले गवळी म्हशी पळवतात. आण्णा हीच मोटारसायकल दणदणत पुढे काढायचे, आणि त्यांची मोना नावाची म्हैस शिंगांत मोरपिसं मिरवत त्या आवाजामागे सुसाट यायची. चार वर्षं तिचा पहिला नंबर कुणी घेतला नव्हता. दोन वर्षांपूर्वी गाडी बंद पडली, तशी मोनाही पळायची थांबली. यंत्राच्या सगळ्या चाचण्या शिरोलीत, कारखान्याच्या खडखडाटात झाल्या होत्या. गल्लीच्या कानावर हा आवाज दोन वर्षांनी आजच पडत होता.

"बंद कर! आधी बंद कर!"

इंजिन बंद झालं, पण उशीर झाला होता. स्वागताची कमान गळ्यात घेऊनच मोना गेटातून आत आली. रांगोळी तिने मधोमध ओलांडली. उदयसिंह सर अल्बमसकट टेबलावर चढले. मोनाने कुणाकडे बघितलंही नाही. ती सरळ यंत्रापाशी गेली, इंजिन हुंगलं, एक लांब सुस्कारा टाकला आणि उभी राहिली.

मागून तुटलेलं दावं हातात धरून गुंडूआण्णा आले, त्यांच्यामागे बयाबाई, आणि बयाबाईंच्या मागे अर्धी गल्ली.

"आण्णा, आधी म्हैस न्या!" सर टेबलावरून म्हणाले.

"न्हेतो की. पर गाडी हलल्याबिगर ती हलायची न्हाय."

"मग गाडी हलवा!"

"गाडी तुमच्या शाळंनं यंत्रात घातलीया न्हवं. म्या काय हलवू?"

सहा जणांनी ओढून बघितलं. मोना इंचभर सरकली नाही. उलट ओढाओढीत तोंड टेबलापर्यंत पोचलं, तेव्हा तिने मॅडमचा हार खाऊन टाकला.

"सर," राजनंदिनी पाना पुसत म्हणाली, "म्हस हलत न्हाय, तर यंत्रच न्हेऊया की."

गल्लीतल्या भाजीवाल्याची हातगाडी आली. राजनंदिनीने पात्याची साखळी सोडवली, यंत्र गाडीवर चढवून आवळून बांधलं, आणि पुन्हा किक मारली. मोनाने कान टवकारले. पुढे हातगाडी, मागे मोना, तिच्यामागे फॉर्म सांभाळत मॅडम आणि सगळी गल्ली. चढाला माणसं कमी पडली. "ओ पावणं, नुसतं बघताय काय? रेटा की!" कुणीतरी खेकसलं. पावणं म्हणजे उदयसिंह सर होते. त्यांनी अल्बम काखेत मारला आणि रेटलं.

दोनशे पावलांना अकरा मिनिटं लागली. गोठ्यात मुलांनी साखळी पुन्हा चढवली. बयाबाईंनी डाव्या हाताने पहिली पेंढी सरकवली, आणि पाच मिनिटांत संध्याकाळचा कडबा कापून झाला. त्यांनी ढिगात हात घालून बघितला.

"एवढ्यातच झालं व्हय? आन् आता दिवसभर मी काय करू?"

"बसा की जरा," आण्णा म्हणाले.

"तुमास्नी बघत?"

क्रांतीमॅडम बाजेवर बसल्या. उदयसिंह सर घाम पुसत उभे राहिले. मॅडमनी रिकामा रकाना भरला आणि वाचून दाखवला : "समाजाचा सहभाग उत्स्फूर्त. लाभार्थी न बोलावता, कमानीसह हजर." मग प्रसेनजीत सरांकडे बघून विचारलं, "पुढचा प्रकल्प कोणता?"

प्रसेनजीत सरांनी तोंड उघडायच्या आत उदयसिंह सर बोलले. "सायलेन्सर! येत्या शनिवारपासून. दोन्ही तास. लागले तर गणिताचेही घ्या."

"बसवा की, सर," आण्णा मोनाची पाठ थोपटत म्हणाले. "फकस्त काढता येईल आसा बसवा. पाडवा तोंडावर आलाय. हातगाडी हाय, आन् रेटायला तुमी हाईसाच."