नऊ वेंदू

बंबवाल्याने कुऱ्हाड उचलली होती आणि बेसमेंटमधून फिलोमेना किंचाळत होती, "नऊ वेंदू! नऊ वेंदू!"

म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'मी विकत नाही'. टोरोंटोतली आमची गल्ली आधी सगळी पोर्तुगीजांची. आता कॉफीची दुकानं, काचेची घरं, आणि घर विकता का विचारणारे एजंट. त्यांना ओरडता ओरडता ही म्हातारी पोस्टमनलाही तेच ऐकवायला लागली. डॉक्टरलाही. वसईहून मी मुलाकडे आले तेव्हा मला वाटलं, बाई नऊ काहीतरी विकतेय. तिच्या अंगणात कोबी होता. मी बोटांनी नऊ मागितले. ती इतकी हसली की मला खुर्चीच आणून दिली.

इंग्रजी तिला येत नाही, मलाही नाही. मी चौथी पास. पण पाव, बटाटा, कोबी तिच्याकडेही आहेत, जरा नाकातून. चावीला 'शाव', बालदीला 'बाल्द'. मला 'विझिन्या' म्हणते, म्हणजे शेजारीण. मी तिला येडी म्हणते. कुंपणावरून आमचं छान भांडण चालतं.

त्या दिवशी ती खाली पाव भाजत होती. वाऱ्याने दार आपटलं. कुलूप बाहेरूनच उघडणारं. दार आणि कुलूप दोन्ही तिच्या नवऱ्याचं काम. अंतोनिओने मरायच्या आदल्या हिवाळ्यात ते दार स्वतः तासलं होतं. वाकडं आहे. तो सुतार नव्हताच.

धूर बघून समोरच्या कुत्रेवाल्या बाईने बंब बोलावला. मी दारापुढे उभी राहिले.

"मॅम, प्लीज मूव्ह!"

"आई, बाजूला हो," मुलगा म्हणाला.

आतून आवाज आला, "विझिन्या! शाव! बाल्द!"

"चावी बालदीत आहे म्हणतेय," मी म्हटलं. "बहिरे आहात का सगळे?"

कोबीतली बालदी उपडी केली. माती पडली, गांडुळं पडली, चावी पडली.

फिलोमेना खोकत बाहेर आली, ट्रे घेऊनच. खालून काळे झालेले पाव तिने बंबवाल्यांना वाटले. ते मुकाट खात होते. तेवढ्यात गर्दीतून एका एजंटाने कार्ड पुढे केलं.

आता ओरडणार म्हणून आम्ही थांबलो. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. दाराला हात लावला आणि हळूच म्हणाली, "नऊ वेंदू, अंतोनिओ."

दार वाचलं. फिलोमेनाही.