उद्वाहनातले गृहस्थ

रविवारच्या करमणूक पुरवणीचे संपादक सकाळचा चहा घेत होते आणि समोर त्यांची बायको फोनकडे बघून हसत होती. नुसती हसत नव्हती, डोळे पुसत होती. बावीस वर्षांत त्यांची पुरवणी वाचताना तिनं एकदाच डोळे पुसले होते, आणि तेव्हा ती कांदा चिरत होती.

"काय आहे एवढं त्यात?"

"ब्लॉग आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण लिहितो."

"ब्लॉग!" संपादकांनी कप आपटला. "ज्याला कोणी छापत नाही, तो ब्लॉग लिहितो. आज लिफ्टवाला, उद्या रद्दीवाला!"

"मग तुम्ही छापा की. बघू तरी तुमच्या पानावर कसा दिसतो."

हे संपादकांना झोंबलं. त्यांनी लिफ्टवाल्याला परवानगी मागितली. "छापा की, साहेब," असं लगेच उत्तर आलं.

लेखाची सुरुवात अशी होती : 'लिफ्ट अडकली की माणूस आधी बटण दाबतो, मग देवाला हाक मारतो आणि सगळ्यात शेवटी मला.' संपादकांनी पेन उचललं : 'उद्वाहन मध्येच थांबल्यास नागरिकांच्या मनाची होणारी घालमेल हा खरोखर चिंतनाचा विषय आहे.' असं एकेक वाक्य न्हाऊमाखू घालून, इस्त्रीचे कपडे चढवून त्यांनी रांगेत बसवलं. वॉचमनचा किस्सा गेला, कारण वॉचमन दुखावले असते. एका लिफ्ट कंपनीची जाहिरात पुरवणीत येत असल्यामुळे पुढे पुढे तर लेखातली लिफ्ट अडकायचीही बंद झाली.

रविवारी बायकोनं चार ओळी वाचल्या. "अरेरे," ती म्हणाली, "कोण गेलं?"

लिफ्टवाल्यानंही वाचलं. दुपारी त्यानं दोन्ही लेख ब्लॉगवर शेजारी शेजारी लावले आणि वर लिहिलं : 'माझा लेख छापून आलाय. त्यात मी कोणाला सापडलो तर कळवा.' सोमवारपर्यंत ते फोनाफोनी फिरत फिरत पेपरच्या मालकांपर्यंत पोचलं. अकरा वाजता निरोप आला, "वर या."

मालक सातव्या मजल्यावर बसत. संपादकांनी लिफ्टचं बटण रागारागानं इतक्यांदा दाबलं की चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं हिसका दिला आणि मान टाकली. फोन टेबलावर राहिला होता. वीस मिनिटं दार बडवल्यावर बाहेरून आवाज आला, "आत कोण?"

"पुरवणीचा संपादक!"

बाहेर कोणीतरी खुदकन हसलं. मग, "साहेब, उद्वाहनात अडकलात की लिफ्टमध्ये? उद्वाहनाचं काम आम्हाला जमत नाही."

"लिफ्टमध्ये रे बाबा, लिफ्टमध्ये!"

"मग ठीक. वेळ लागेल. बोलत राहा, म्हणजे शुद्धीवर आहात ते कळेल."

आणि संपादक बोलत सुटले. "मालकानं शिव्या खायला बोलावलंय, आणि त्यालाही उशीर होतोय! मालक तरी कसला? कागदावर स्वल्पविराम दिसला तर झुरळ समजून चप्पल घेईल! आणि इथे चारी बाजूंनी आरसे. जिकडे बघावं तिकडे मीच! इतका कंटाळवाणा माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

बाहेर पाना खाली पडल्याचा आवाज आला.

सुटका झाली तोवर मालक निघून गेले होते. अडकलो होतो हे सांगायची लाज वाटून संपादकांनी दात दुखत होता असा निरोप ठेवला. लिफ्टवाल्यानं मात्र त्यांचा शब्द न् शब्द ब्लॉगवर टाकला. गृहस्थांचं नाव नाही, इमारतीचंही नाही.

मंगळवारी पुन्हा बोलावणं आलं. संपादक जिन्यानं गेले. मालक फोनवर लिफ्टवाल्याचा ब्लॉग वाचत खुशीत बसले होते.

"कालचं सोडा. हे वाचलंत? आणि त्याचा तो मालक! काय नमुना असेल हो! हा आत अडकलेला माणूस शोधून काढा. आपलं पान त्यालाच द्यायचं."

बावीस वर्षांत संपादकांच्या एखाद्या वाक्यावर मालक पहिल्यांदाच खूश झाले होते. नोकरी जाईल हे त्यांना कळत होतं, पण राहवेना. त्यांनी घसा खाकरला.

"साहेब, तो मीच."

मालकांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"अहो, निदान दुसऱ्याचं तरी ढापू नका," ते म्हणाले. "बावीस वर्षं वाचतोय मी तुम्हाला."