फुलपाखरातली कंबर

“अहो, तुमच्या फोनमध्ये मी जरा साफसफाई केलीये,” काकू म्हणाल्या, आणि टेलरमास्तरांची कात्री निळ्या कापडात अर्ध्यावर थांबली.

काकूंच्या साफसफाईचा मास्तरांना तीस वर्षांचा अनुभव होता. घरात एक नवी वस्तू आली की एक जुनी बाहेर गेलीच पाहिजे, असा काकूंचा नियम होता. या नियमाखाली आजवर मास्तरांच्या दोन चांगल्या छत्र्या गेल्या होत्या आणि एक चालू रेडिओ गेला होता. तीन वर्षांपूर्वी पुतणीने फोनमध्ये ॲप घालून दिलं आणि मास्तरांनी सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात भरली, त्याच दिवशी दुपारी मापांची जाडजूड वहीसुद्धा रद्दीत गेली होती.

“काय काढलंस?” मास्तरांनी जपून विचारलं.

“विशेष काही नाही हो. ताईच्या नव्या घराचा रस्ता डोंगरातनं जातो, तिथे रेंज नसते. गाडी मी चालवणार आणि फोन तुम्ही धरणार, म्हणून तुमच्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घेत होते. तर तो म्हणाला, जागा नाही. बघते तर काय, एका गेमनंच सगळी जागा अडवलेली. जांभळं फुलपाखरू! शोभतं का या वयात? टाकला काढून.”

मास्तर मटकन स्टुलावर बसले. ते ॲप आधी ‘टेलर मापवही’ या साध्यासुध्या नावाने राहत होतं आणि त्याच्यावर टेपचं चित्र होतं. गेल्या महिन्यात कंपनीला काय सुचलं कोण जाणे, एके दिवशी फोनवर मजकूर झळकला, ‘आम्ही आता फुलपाखरू आहोत!’ मास्तर अशा सगळ्या गोष्टींना ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होत, तसेच याहीवेळी झाले होते.

“अगं, ती माझी मापवही होती! काढताना त्यानं काही विचारलं नाही तुला?”

“विचारलं की. सगळी माहिती कायमची जाईल, चालेल का? मी म्हटलं, जाऊ दे.”

“जाऊ दे?”

“मग तसं नाव लिहायला काय झालं होतं? नाव फुलपाखरू, रंग जांभळा, आणि मी ओळखायचं की आत जज्जसाहेबांची कंबर आहे?”

या युक्तिवादात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

कंबर काही साधीसुधी नव्हती. मास्तरांच्या दुकानाबद्दल गावात एक ख्याती होती, की यांच्याकडे शिवलं की माणूस जाड होत नाही. कुणाचंही माप वीस-वीस वर्षं तेच राही. गिऱ्हाईक आत येऊन ऐटीत म्हणे, “जुनंच माप लावा,” मास्तर मान डोलावत, आणि कपडा अगदी अंगासरसा बसे. खरी गोष्ट अशी होती, की मास्तर एका रकान्यात सांगितलेलं माप लिहीत आणि दुसऱ्या रकान्यात खरं. खरं माप ते नजरेने टिपत, उसवायला आलेल्या जुन्या कपड्यावरून ताडत आणि हळूच वाढवत नेत. जगात हे दोनच जिवांना ठाऊक होतं, मास्तरांना आणि फुलपाखराला. त्यातलं एक आता उरलं नव्हतं.

आणि ऑर्डर होती गायनमंडळाची. निवृत्त न्यायाधीश असलेले जज्जसाहेब हे त्या मंडळाचे प्रमुख, आणि वाचनालयाच्या हॉलमधल्या कार्यक्रमाला बारा दिवस राहिले होते. नऊ गायक, नऊ निळे कोट. खांदा आणि बाही या वयात हलत नाहीत, ती मास्तरांच्या हाताला पाठ होती. हलते ती कंबर. टेप घेऊन मापायला जावं तर आकडा उघडा पडणार, मग आजवर जज्जसाहेबांना चौतीसचा कोट बसत कसा होता असा प्रश्न येणार, आणि तीस वर्षांच्या अब्रूचा एका दिवसात फज्जा उडणार. 

त्यांनी ॲप पुन्हा उतरवून घेतलं. ते कोरं करकरीत आलं आणि पंख हलवायला लागलं. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

“नमस्कार, फुलपाखरू परिवारात आपलं स्वागत आहे!” एक गोड आवाज म्हणाला.

“ताई, माझी मापं गेली.”

“काळजी करू नका सर. आपल्याकडे सगळं ऑफलाइन असतं. तुमची माहिती तुमच्या फोनच्या बाहेर कधीच जात नाही.”

“पण ती फोनमधनंच गेली ना!”

“मग ती कुणाच्याही हाती लागणार नाही सर,” आवाजात अभिमान होता.

“एक विचारू का? आधीचं नाव काय वाईट होतं?”

“सर, मापवही म्हटलं की लोकांना फक्त मापांची वही आठवते.”

“मग आत दुसरं काय होतं?”

“तेच तर सर! नाव कसं मोकळं हवं. आमची चार महिने चर्चा चालली होती त्यावर.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि दोन रकान्यांची गोष्ट पहिल्यांदाच काकूंना सांगितली. काकूंना आता मनातून वाईट वाटत होतं, पण वाईट वाटलं की त्या रडत नसत, उपाय काढत. हा त्यांचा स्वभाव मास्तरांना छत्र्यांपेक्षा महागात पडला होता.

“मिठी मारा,” काकू म्हणाल्या.

“कुणाला?”

“सगळ्यांना. आज संध्याकाळी तालमीला जा, एकेकाला कवेत घ्या. दोन्ही हात पाठीमागे पोचले की एका हाताची बोटं दुसऱ्या बाहीवर जिथे लागतील, तिथे खडूची खूण करा. घरी येऊन टेपनं मोजू.”

मास्तर म्हणजे सख्खा भाऊ सात वर्षांनी परदेशातून आला तेव्हाही लांबून हात हलवणारे गृहस्थ. पण अडला माणूस काय करील? संध्याकाळी ते काळा शर्ट घालून, चिमटीत खडू लपवून हॉलमध्ये गेले आणि थेट जज्जसाहेबांच्या कमरेला विळखा घालून उभे राहिले. जज्जसाहेबांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं, पण हे नव्हतं. त्यांनी चाचरत मास्तरांच्या पाठीवर थोपटलं. मग दातांचे डॉक्टर झाले, मग बँकेतले कॅशियर, आणि मग उरलेले सहाजण. डॉक्टरांचा घेर असा होता की मास्तरांची बोटं एकमेकांना भेटेनात. त्यांनी नेट लावला, तेव्हा पाठीत काहीतरी करकन वाजलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन शर्ट दिव्याखाली धरला, तर बाही शाळा सुटतानाच्या फळ्यासारखी दिसत होती. प्रत्येक मिठीने आधीच्या मिठीची खूण पुसून टाकली होती. मास्तर कण्हत कोचावर आडवे झाले आणि काकूंनी गरम पाण्याची पिशवी भरली.

इकडे गायनमंडळात त्या दिवशी पुढे गाणं झालंच नाही.

“माझ्या गळ्यात पडून रडले हो,” डॉक्टर म्हणाले.

“निरोप घेतल्यासारखं वाटलं,” कॅशियर म्हणाले.

“मला तर सोडतच नव्हते,” जज्जसाहेब म्हणाले, आणि मग कुणीच काही बोललं नाही. असल्या शांततेत माणसाला जे कळायचं ते कळतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफरचंदांच्या तीन पिशव्या घेऊन नऊच्या नऊ जण दुकानात हजर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर कोचावर, पांघरुणात, चेहरा पिवळा. पाठीमुळे मान वळत नव्हती, ते छताकडे बघत होते. पाहुण्यांना आणखी पुरावा नको होता.

“मास्तर, कोटांचा विचार डोक्यातनं काढून टाका,” जज्जसाहेब जड आवाजात म्हणाले. “आम्ही जुन्या कोटांवर गाऊ.”

“अहो, पण मला काही…”

“बोलू नका. श्रम होतील. मलाच एक सांगायचंय, मग राहून जाईल.” जज्जसाहेबांनी चष्मा काढला. “माझी कंबर चौतीस नाही.”

त्यांनी रुमालाने चष्म्याची काच पुसली.

“निदान पंधरा वर्षं तरी नाही. घरी टेप आहे माझ्याकडे. मी चौतीस म्हणायचो, तुम्ही ‘बरं’ म्हणायचात, आणि कोट अगदी बरोबर बसायचा. मला सगळं कळत होतं मास्तर. तुम्ही इतकी वर्षं माझा मान राखलात आणि मी साधे आभार मानले नाहीत. बेचाळीस आहे. शपथेवर सांगतो.”

“माझी शेहेचाळीस,” दातांचे डॉक्टर नाक ओढत म्हणाले. “तुम्हाला चाळीस सांगत आलो. माफ करा.”

“माझी छत्तीस,” कॅशियर म्हणाले. “मी छत्तीसच सांगितली होती, पण सांगायला काय हरकत आहे.”

मग एकेकाने पुढे होऊन आपापली कंबर मोकळी केली. पडद्यामागे काकू औषधाच्या खोक्यावर पेन्सिलीने भराभर आकडे उतरवून घेत होत्या. मास्तरांच्या डोळ्यांतून मात्र आता खरंच धारा लागल्या. तीस वर्षं ज्या चांगुलपणाचा कुणाला पत्ता नाही असं ते समजत होते, तो सगळ्यांना ठाऊक होता, आणि लोक त्यासाठी उन्हातून सफरचंदं घेऊन आले होते. 

“कोट मीच शिवणार,” ते म्हणाले. “एवढं करू द्या मला.”

ही अखेरची इच्छा समजून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तीन दिवसांत पाठ मोकळी झाली. मास्तर कापायला उभे राहिले आणि काकू खोक्यावरचे आकडे वाचायला बसल्या. जज्जसाहेबांचे बेचाळीस ऐकून मास्तरांनी चव्वेचाळीसवर खडू ओढला.

“अहो, शपथेवर सांगितलंय त्यांनी!”

“म्हणूनच दोन. एरवी चार धरले असते.”

असे त्यांनी नऊच्या नऊ कोटांत दोन इंच सोडले. आजारी माणसाला त्रास नको म्हणून ट्रायलला कुणी आलं नाही. काकूंनी काजं-बटणं केली, कोट घरोघर पोचते झाले, आणि कार्यक्रमाच्या दिवशी निळी रांग अशी दिमाखात उभी राहिली की गाण्याआधीच टाळ्या पडल्या. फक्त कॅशियरांचा कोट अंगावर लोंबत होता. ते भेटेल त्याला सांगत होते, “बारीक झालोय मी. मला तरी कुठे कळलं होतं!” पहिल्या रांगेत मास्तर ताठ बसून ताल धरत होते. जज्जसाहेबांनी स्टेजवरून त्यांच्याकडे पाहिलं, मग कॅशियरांच्या कोटाकडे पाहिलं, आणि त्यांचा सूर जरासा हलला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते दारात उभे.

“तुमची प्रकृती उत्तम दिसते.”

“पाठ दुखत होती साहेब. आता बरी आहे.”

“नुसती पाठ? मग त्या मिठ्या?”

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. नकाशा, जागा, जांभळा रंग, खडू, काहीही लपवलं नाही. जज्जसाहेब ऐकून घेत होते आणि लाल होत होते.

“अहो, मी ती गोष्ट तुमच्याबरोबर जाईल या भरवशावर सांगितली होती!”

“माझ्याबरोबरच जाईल साहेब. जरा उशिरा जाईल इतकंच.”

“आणि कॅशियरांचा कोट बरोबर दोन इंच सैल कसा? उत्तर द्या. तुम्ही सगळ्यांच्याच मापात दोन इंच घातलेत. म्हणजे त्या दिवशी आम्ही तुमच्या उशाशी उभं राहून खोटं बोललो, असं तुम्ही धरून चाललात. मीसुद्धा!”  आवाजात राग होता, पण रागापेक्षा दुखावले होते ते. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि दोन्ही हात पसरले. “मापा. आणि मोठ्यानं वाचा.”

वीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांचा टेप जज्जसाहेबांच्या कमरेभोवती फिरला. साहेबांनी श्वास रोखला नाही, पोट आत घेतलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत ते सरळ उभे राहिले. पडद्याआडून काकूंची मान बाहेर आली. टेप चव्वेचाळीसवर मिळाला होता.

“बेचाळीस,” मास्तरांनी मोठ्याने वाचलं.

जज्जसाहेब सावकाश वळले. साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. मास्तर टेप गुंडाळत होते, आणि गुंडाळून झालेला टेप पुन्हा उलगडून गुंडाळत होते.

“मग माझा कोट सैल का होत नाही?”

“अस्तर जाड लागलं साहेब. दोन इंच अस्तरानं खाल्ले. तुमच्या शब्दावर मी संशय घ्यायला नको होता. चूक माझी.”

 साहेबांनी खुंटीवरचा कोट चढवला आणि एकेक करून सगळी बटणं लावली.

“साक्ष ग्राह्य धरतो,” ते म्हणाले, आणि पायरीवर जाऊन थांबले. आवाज पार खाली आणून त्यांनी विचारलं, “मास्तर, एकदा घरी येऊन हे आमच्या हिलाही सांगाल का? ती चव्वेचाळीसच धरून बसलीये.”

“येतो की,” मास्तर म्हणाले. “टेप माझा मीच घेऊन येतो.”