कमी म्हणजे आम्ही

एका सर्वनामाचा चुकीचा अर्थ लावून मी शेजारच्या गोडबोले काकांना जवळजवळ नागपूरला परत पाठवलं.

काका निवृत्त व्याकरणशिक्षक. लंडनच्या हॅरोत मुलाकडे राहतात आणि भेटेल त्याला शब्दांच्या जातींत बसवतात. त्यांचा निखिल क्रियाविशेषण, कारण 'सदैव घाईघाईने'. माझ्याबद्दल मात्र, "तुझा विचार चालू आहे."

सून मारिसेल फिलिपिन्सची. तिची भाषा हिलिगायनॉन. काकांनी तीही सोलायला घेतली. माणसाच्या नावाआधी 'सि' लावतात हे कळल्यापासून मी 'सि मंदार' झालो. 'गिद' सापडला तेव्हा तर काकांनी भर पावसात माझं दार वाजवलं. "अरे, हा आपला 'च'. नमित गिद, म्हणजे चविष्टच. शुद्ध शब्दयोगी अव्यय."

मग एकदा जेवताना निखिल म्हणाला, "बाबा, वी आर मूव्हिंग टू मिल्टन कीन्स."

सकाळी काका माझ्याकडे हजर. "इंग्रजी दरिद्री भाषा. हे 'वी' म्हणजे आम्ही की आपण?"

"निखिलला विचारा की."

"विचारलं की उत्तर येतं."

मारिसेल आईला फोनवर नव्या घराचं सांगताना सारखं 'कमी, कमी' म्हणत होती, ते त्यांनी टिपलं होतं. माझ्या ऑफिसात तिच्याच गावाकडची एक बाई आहे, म्हणून त्या भाषेतला तज्ज्ञ मी. तिला विचारून सांगितलं, "कमी म्हणजे आम्ही. ऐकणाऱ्याला वगळून." वर पदरची भर घातली, "म्हणजे काका, तुम्ही नाही."

"म्हणजे मी कमी," काका म्हणाले आणि हसले.

शनिवारी मारिसेलने मला बोलावून घेतलं. काका बॅग भरत होते आणि कारण सांगत नव्हते. मी चाचरत सगळं ओकलो.

"बट आय वॉज टॉकिंग टू मामा," ती म्हणाली. "मामा इज नॉट कमिंग."

ऐकणारी तिची आई होती. वगळली होती ती.

मग काकांकडे वळून, मुलाला शिकवावं तसं सावकाश, "किता, पापा. किता तनान." आपण. आपण सगळे. "उपोद का गिद."

"म्हणजे, तुम्ही बरोबर येणारच," काका पुटपुटले. "'च' लावलाय तिने." बॅगेतला स्वेटर काढून त्यांनी अंगात घातला.

माझा जीव भांड्यात पडला, त्यामुळे जीभ सुटली. "काका, तुम्ही व्याकरणाचे मास्तर. ऐकणारं कोण, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"तेव्हा मी व्याकरण करत नव्हतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुझी जात मात्र सापडली. केवलप्रयोगी अव्यय. वाक्यात नसलास तरी अर्थाचं काही बिघडत नाही. उलट नीट लागतो."